झुंबा की साल्सा? गुडघा आणि बीपी सांभाळून नाच शिकताना

पत्र

मी ४२ वर्षांची आहे, वजन ६८ किलो. काम दिवसभर खुर्चीत बसून. लहानपणी चार वर्षं भरतनाट्यम शिकले, मग सुटलं ते सुटलंच. वर्षभरापासून बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, व्यायाम कराच. जवळच्या डान्स स्टुडिओत झुंबा, स्टेप एरोबिक्स, साल्सा, बचाटा, हिप-हॉप, बॉलिवूड, कंटेम्पररी, कथक, भरतनाट्यम, बॅले, बार आणि पिलाटेस एवढं सगळं आहे. मला वजन कमी करायचंय आणि नाचही नीट शिकायचाय. झुंबाचे दोन ट्रायल क्लास केले. स्टेप कळेपर्यंत गाणं संपायचं आणि मी शेवटच्या रांगेत भलत्याच पायावर. दुसऱ्या क्लासनंतर उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला, चार दिवसांनी थांबला. पायात रोजचे चालायचे बूट होते. माझ्यासाठी यातलं नक्की काय? साल्सा आवडतो, पण जोडीदार नाही. पुन्हा भरतनाट्यम सुरू करू का? स्टुडिओवाले वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेत. आणि ९ वर्षांच्या मुलीला बॅले लावू की हिप-हॉप?

उत्तर

तुम्हाला वजनही उतरवायचंय आणि नाचही शिकायचाय. दोन्ही होईल, पण एकाच तासात नाही. स्टुडिओच्या यादीत सगळे वर्ग एकाखाली एक लिहिलेले असतात, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. झुंबा, स्टेप एरोबिक्स (बुटक्या फळीवर चढ-उतर), बार (बॅलेच्या दांड्याजवळ करायचा व्यायाम) आणि पिलाटेस (पोट-पाठीचा व्यायाम) हे व्यायामाचे वर्ग. साल्सा आणि बचाटा हे जोडीने करायचे लॅटिन नाच, तसंच कथक, भरतनाट्यम, बॅले, हिप-हॉप, कंटेम्पररी हे शिकण्याचे वर्ग. बॉलिवूड दोन्हीकडे सापडतं: कुठे तासभर घाम काढतात, कुठे महिनाभर एकच गाणं बसवतात. तिथे विचारूनच नाव घाला.

व्यायामाच्या वर्गात संगीत थांबत नाही. इन्स्ट्रक्टर पुढे करतात, बाकीचे मागून करतात, आणि कुणाचा पाय चुकला तरी वर्ग पुढे जातो. थांबलं की नाडी खाली येते आणि तासाचा हेतूच जातो. शिकण्याच्या वर्गात आठ काउंटचा, म्हणजे १ ते ८ मोजून होणारा, एक तुकडा पंधरा-वीस मिनिटं घोटला जातो. शिक्षक रांगांमधून फिरतात, खांदा खाली करायला सांगतात, वजन कुठल्या पायावर आहे ते बघतात. त्यात निम्मा वेळ तुम्ही उभ्या राहून बघत असता. घाम कमी येतो, पण पाऊल पक्कं होतं. झुंबा करून साल्सा येईल किंवा साल्साच्या पहिल्या बॅचमध्ये वजन उतरेल, या अपेक्षेने गेलेली माणसं दोन महिन्यांत क्लास सोडतात.

झुंबात साल्सा, मेरेंगे, कुंबिया आणि रेगेटोन हे चार मूळ ताल आहेत हे खरं. पण कोलंबियातल्या बेतो पेरेस यांनी १९९० च्या दशकात तो सुरू केला तो एरोबिक्सच्या वर्गात. त्यामुळे त्यातली साल्साची पावलंही न थांबता मागून करता येतील इतकी सोपी केलेली असतात. इन्स्ट्रक्टर सहसा तोंडाने समजावत नाहीत, हाताने दिशा दाखवतात आणि पुढे जातात. तीच गाणी आठवड्यामागून आठवडे परत येतात आणि पावलं त्या पुनरावृत्तीतून अंगवळणी पडतात. म्हणून दोन क्लासवरून स्वतःला नापास करू नका. एकाच इन्स्ट्रक्टरकडे सलग पाच-सहा क्लास झाले की निम्मी गाणी ओळखीची होतात.

उभं राहण्याची जागा मात्र बदला. शेवटच्या रांगेतून इन्स्ट्रक्टरचे पाय दिसत नाहीत, समोरच्या बाईची पाठ दिसते, आणि तीच चुकली की तुम्हीही चुकता. अगदी पहिल्या रांगेत वेगळी अडचण: वर्ग मागच्या भिंतीकडे वळला की बघायला समोर ओळखीचं कुणी उरत नाही. दुसऱ्या रांगेत, मध्याच्या थोडं एका बाजूला उभं राहा. इन्स्ट्रक्टर तुमच्याकडे तोंड करून शिकवत असतील, तर ते आरशासारखं उलटं करून दाखवतात की स्वतःच्याच उजव्या-डाव्याने करतात, हे पहिल्या गाण्यात बघून घ्या. पहिले तीन-चार क्लास हात विसरा. फक्त पाय आणि दिशा.

आता भलत्या पायावर जाण्याबद्दल, कारण नवीन माणसं इथेच हरतात आणि ‘मला ताल नाही’ असं ठरवून बसतात. ताल बहुतेकांना असतो. गोंधळ असतो तो वजनाचा. पाऊल टाकणं आणि पाऊल टेकवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पाऊल टाकलं की अंगाचं वजन त्या पायावर जातं आणि दुसरा पाय मोकळा होतो. नुसतं टेकवलं, ज्याला स्टुडिओत टॅप म्हणतात, की वजन आधीच्याच पायावर राहतं आणि टेकवलेलाच पाय पुढे उचलायचा असतो. बचाटाच्या मूळ पावलात १, २, ३ ला बाजूला पावलं टाकायची आणि ४ ला टॅप. नवशिके ४ लाही वजन टाकतात. मग ५ ला जो पाय निघायला हवा तोच अडकलेला असतो, दुसरा निघतो, आणि सगळा वर्ग डावीकडे चाललेला असताना तुम्ही उजवीकडे. घरी तपासून बघा: १, २, ३, ४ म्हणा आणि ४ ला जागच्या जागी थांबा. टेकवलेला पाय अंग न कलता, तोल न सावरता उचलता आला तर बरोबर. उचलताना अंग दुसऱ्या बाजूला झुकलं, तर वजन चुकीच्या पायावर गेलेलं आहे. रोज पाच मिनिटं, संगीताशिवाय, तोंडाने काउंट म्हणत हे केलंत की आठवड्याभरात फरक जाणवेल. पुढे गाणं लावाल तेव्हा मोबाइलवर वेग ७५ टक्क्यांवर आणून सुरुवात करा.

साल्सात आठ काउंटपैकी १, २, ३ आणि ५, ६, ७ ला पावलं पडतात. ४ आणि ८ ला नवं पाऊल नाही. तिथे घाई करून पुढचं पाऊल टाकणं ही सगळ्यात नेहमीची चूक. गाणी वेगवान असतात, म्हणून घाई होते. बचाटा त्यामानाने संथ. नव्या माणसाने आधी बचाटा आणि सहा-आठ आठवड्यांनी साल्सा घेतला तर पाय लवकर बसतात. स्टुडिओत दोन्हीची एकच बॅच असेल तरी हरकत नाही, पहिल्या महिन्यात बचाटावर जास्त भर द्या.

जोडीदार नाही, हा प्रश्न क्लासमध्ये उरत नाही. साल्सा-बचाटाच्या बहुतेक वर्गांत रोटेशन असतं: दर काही मिनिटांनी जोड्या बदलतात, त्यामुळे एकट्या आलेल्यालाही सगळ्यांबरोबर सराव मिळतो. उलट ठरलेल्या जोडीदाराबरोबरच नाचणाऱ्यांना एकमेकांच्या चुका सांभाळून घ्यायची सवय लागते. नाव घालताना दोन गोष्टी विचारा. रोटेशन आहे का, आणि लीड (पुढाकार घेऊन दिशा देणारे) व फॉलो (त्याप्रमाणे नाचणारे) करणाऱ्यांची संख्या बॅचमध्ये साधारण सारखी ठेवतात का. फॉलो करणारे फार आणि लीड करणारे थोडे असले तर निम्मा तास नुसतं उभं राहण्यात जातो. लीड करायला शिकायचं असेल तर तसं सांगा. कुठली भूमिका घ्यायची हे तुमच्या हाती आहे. कुणाबरोबर नाचायचं नसेल तर ती फेरी सोडता येते, कारण द्यावं लागत नाही. हात धरताना बोटं आकड्यासारखी हलकी अडकवा, अंगठ्याने समोरच्याचा हात आवळू नका. आवळलेल्या हातावर फिरवलं की मनगट आणि खांदा पिळला जातो.

आता गुडघा. चार दिवसांत दुखणं थांबलं, सूज आल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे घाबरण्यासारखं फारसं दिसत नाही. पण कारण शोधायला हवं, आणि पहिला संशय बुटांवर. चालायच्या किंवा पळायच्या बुटाचा तळ सरळ पुढे जाण्यासाठी केलेला असतो, जमिनीला घट्ट धरणारा. नाचताना आपण सतत वळतो. तळ जमिनीला चिकटून राहतो, कंबर आणि मांडी फिरते, आणि मधला पीळ गुडघ्यावर येतो. खुब्याचा सांधा फिरण्यासाठी घडलेला आहे, गुडघा मुख्यतः वाकण्यासाठी. त्याला असा पीळ झेपत नाही.

बूट तपासायची पद्धत सोपी आहे. स्टुडिओच्या जमिनीवर चवड्यावर हलकं वजन टाकून पाऊल फिरवा. तळ कचकच करत अडकला, तर तो बूट नाचाला नको. डान्स स्नीकर्सना चवड्याखाली गुळगुळीत गोल भाग असतो, पाऊल त्यावर फिरतं. ते नसतील तर सपाट, कमी खाचांच्या तळाचे इनडोअर ट्रेनिंगचे बूट चालतील. नुसते मोजे घालून मात्र नाचू नका, लाकडावर घसरायला होतं. साल्साच्या उंच टाचांची पहिले काही महिने गरज नाही. सपाट किंवा बुटक्या टाचेवर मूळ पाऊल आधी पक्कं होऊ द्या.

बुटाइतकीच वळण्याची पद्धत महत्त्वाची. आधी वजन दुसऱ्या पायावर, मग टाच उचला, मग कंबर, गुडघा आणि पंजा एकाच वेळी एकाच दिशेला. पंजा पुढे आणि गुडघा बाजूला, असं कधीच व्हायला नको.

तिसरं कारण दिवसभर बसण्यात असू शकतं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की वाकताना किंवा एका पायावर येताना गुडघा आत कोसळतो, आणि ताण आतल्या बाजूवर पडतो. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आरशासमोर उभं राहा. डावा पाय हळू खाली सोडा आणि टाच जमिनीला जेमतेम टेकवून परत वर घ्या. उजव्या गुडघ्याची वाटी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली तर ठीक. अंगठ्याच्या आत गेली, तर ते स्नायू आधी तयार करायला हवेत. व्यायाम पुढे दिला आहे.

झुंबात उड्या येतील तिथे उडी मारू नका, तीच हालचाल एक पाऊल जमिनीवर ठेवून करा. याला लो-इम्पॅक्ट म्हणतात आणि चांगले इन्स्ट्रक्टर तो पर्याय स्वतःहून दाखवतात. पुढे कधी उडी माराल तेव्हा आवाज ऐका. ‘धप्प’ झालं म्हणजे गुडघे ताठ होते. चवडा, मग टाच, गुडघे मऊ, असं उतरलं की आवाज जवळजवळ होत नाही. गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा दुखणं आठवड्याहून जास्त टिकलं, तर क्लास थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणं ही वेगळी गोष्ट. ते स्नायूंचं दुखणं असतं, दोन्ही पायांना सारखं जाणवतं आणि काही दिवसांत ओसरतं. एका बाजूला, सांध्यात, एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं मनावर घ्या.

बीपीची गोळी कुठली आहे हे डॉक्टरांना विचारा, कारण बीटा-ब्लॉकर गटातली असेल तर नाडी मुळातच कमी वाढते. मग घड्याळावरचा आकडा किंवा २२० वजा वय हा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही. बोलून बघणं जास्त भरवशाचं: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम श्रम. दोन-चार शब्दांवर दम लागला, तर तो जोराचा. पहिले दोन महिने मध्यम श्रमातच राहा. गाणं संपल्यावर एकदम थांबू किंवा बसू नका, जागच्या जागी पावलं चालू ठेवा; पायांत साठलेलं रक्त परत वर यायला वेळ मिळतो आणि चक्कर टळते. बार आणि पिलाटेसमध्ये एकाच स्थितीत थांबून राहावं लागतं. तिथे श्वास कोंडला की बीपी चढतं, म्हणून मोठ्याने आकडे मोजत करा. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड अनियमित वाटणं, यांपैकी काही झालं तर तिथेच थांबायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.

वजनाचा हिशेब आधीच माहीत असलेला बरा. श्रमाची तीव्रता मेट या एककात मोजतात. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट. तीव्रता गुणिले वजन गुणिले तास, असं केलं की कॅलरींचा ढोबळ आकडा मिळतो. लो-इम्पॅक्ट पर्याय घेऊन केलेला झुंबा ६ मेटच्या आसपास धरा. ६८ किलोला तासाला सुमारे ४०० कॅलरी. त्यातल्या ६८ तुम्ही नुसत्या बसून असतात तरी खर्च झाल्याच असत्या, म्हणजे निव्वळ ३४०. आठवड्याला तीन तास केलेत तर हजारभर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे खाणं तेवढंच राहिलं तर किलोभर उतरायला सात-आठ आठवडे. शिकण्याच्या वर्गात थांबणं फार, तिथे ३ ते ४ मेटच धरा. ‘एका तासात हजार कॅलरी’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. नाचाचा फायदा बीपी, झोप, तोल, दम या सगळ्यांत दिसतो, बऱ्याचदा काटा हलायच्या आधी. वजनासाठी खाण्याकडे वेगळं बघावंच लागेल.

बाकीचे वर्ग तुमच्या नजरेने बघू. स्टेप एरोबिक्स गुडघा निवळेपर्यंत नको; पुढे घ्याल तेव्हा ४ इंची फळीपासून सुरू करा, आख्खं पाऊल फळीवर ठेवा, टाच हवेत लोंबकळू देऊ नका आणि उतरताना फळीच्या जवळच उतरा. कंटेम्पररीत जमिनीवर लोळणं, गुडघ्यांवर येणं भरपूर असतं. गुडघ्याच्या पॅडशिवाय आणि पायाभूत बॅच केल्याशिवाय तिकडे जाऊ नका. हिप-हॉपमध्ये गुडघे सतत मऊ ठेवून खाली-वर होणारा बाउन्स असतो. तुम्हाला तो पुढे जमेल, पण आधी विचारा की शिकवतात काय. पॉपिंग, लॉकिंग, ब्रेकिंग या वेगवेगळ्या शैली, प्रत्येकीचं तंत्र निराळं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी हिप-हॉप या नावाखाली फक्त गाण्यावर कोरिओग्राफी बसवतात. बॅले मोठ्यांसाठीही उत्तम, पण पावलं बाहेर वळवणं खुब्यातून झालं पाहिजे. पंजे जबरदस्तीने आडवे केले की पीळ पुन्हा गुडघ्यावर. बार हा बॅलेच्या दांड्याजवळचा ताकदीचा व्यायाम, बॅले नव्हे. पिलाटेस पोट-पाठीसाठी चांगलं, पण तो नाच नाही.

भरतनाट्यम सध्या नको, तीन महिन्यांनी अवश्य. अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) तट्टडवू (तळपाय आपटायचे मूळ अडवू) करताना गुडघा वाकलेला असतो आणि त्याच स्थितीत तळपाय जमिनीवर आपटायचा असतो. आज तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही असं नेमकं हेच. शिवाय मनाला अडवू, म्हणजे मूळ पावलं, आठवतात, स्नायूंना नाही. लहानपणी शिकलेल्यांना परतताना बऱ्याचदा यामुळेच दुखापत होते, आठवणीच्या वेगाने अंग ढकलल्यामुळे. परत याल तेव्हा गुरूंना आधी गुडघ्याचं सांगा. अरमंडी आधी उथळ, गुडघे बाहेर पंज्याच्या दिशेने, आणि पहिला महिना फक्त पहिल्या काळात, म्हणजे सगळ्यात संथ लयीत. दुसरा-तिसरा काळ मागाहून. कथकात उभं राहून काम जास्त, गुडघा कमी वाकतो, पण तत्कारात, म्हणजे तालावर पाय आपटताना, टाच आणि नडगीला मार बसतो, आणि तोही जमीन कशी आहे यावर.

म्हणून स्टुडिओची जमीन नीट बघाच. काँक्रीटवर थेट बसवलेल्या फरशीवर उड्या किंवा तत्कार रोज केले की नडगीचं हाड दुखायला लागतं, दुर्लक्ष केलं तर त्याला बारीक तडाही जाऊ शकतो. चांगल्या स्टुडिओत लाकडी जमिनीखाली पट्ट्या किंवा फोम असतो आणि ती पायाखाली किंचित दबते. एक लहान उडी मारून बघा. जमीन दगडासारखी वाटली, तर वर व्हिनाइल चिकटवलेलं असूनही उपयोग नाही. व्हिनाइल घसरण कमी करतं, धक्का शोषत नाही. अशा जागी बचाटा-साल्सा चालेल, उड्यांचे वर्ग नकोत. बॅचमध्ये माणसं किती हेही मोजा. व्यायामाच्या वर्गात पंचवीस-तीस चालतात, शिकण्याच्या वर्गात पंधराच्या वर गेले की शिक्षक तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. पहिल्या दिवशी कुणी दुखापत, औषधं, आजार यांबद्दल विचारलं का? नसेल विचारलं तर तुम्ही सांगा, आणि ऐकून इन्स्ट्रक्टर काय बदल सुचवतात त्यावरून त्यांची पारख करा. संगीत इतकं मोठं असेल की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, तर कानांसाठी ते जास्त आहे.

तुमची पहिल्या सहा आठवड्यांची आखणी अशी ठेवा. आठवड्याला एक बचाटाचा नवशिक्यांचा वर्ग आणि एक झुंबा, लो-इम्पॅक्ट करून. दोन्हींत किमान एक दिवसाचं अंतर. वर दोन दिवस घरी वीस मिनिटं ताकद: खुर्चीतून हात न टेकता उठ-बस १० वेळा, तीन फेऱ्या, पाठीवर झोपून कंबर उचलणं १२ वेळा, तीन फेऱ्या, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं प्रत्येक बाजूला १२, दोन फेऱ्या, चवड्यांवर उठणं १५, दोन फेऱ्या, आणि वर सांगितलेली पायरीवरची हालचाल प्रत्येक पायावर ८, गुडघा रेषेत राहील तेवढीच खोल. शेवटी एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. हे कंटाळवाणं वाटेल, तरी टाळू नका. गुडघा सांभाळणारा भाग हाच आहे. क्लासच्या आधी हात-पाय झुलवणं, खुबे-घोटे फिरवणं, हलकी पावलं असा आठ-दहा मिनिटांचा वॉर्मअप हवा. एका जागी ताणून धरायचे स्ट्रेच क्लासनंतर, प्रत्येकी २०-३० सेकंद. क्लासला उशीर झाला आणि वॉर्मअप चुकला, तर पहिली दोन गाणी निम्म्या जोराने करा.

सातव्या आठवड्यापासून तिसरा तास वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. तीन तास आणि घरचे दोन दिवस मिळून तुम्ही त्यात बसता. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, तास किंवा जोर, दोन्ही एकदम नाही.

वर्षाचं पॅकेज आज घेऊ नका. एक महिना किंवा ठरावीक क्लासचं कार्ड घ्या. सहा आठवड्यांनी गुडघा शांत असेल आणि तुम्ही महिन्यातल्या आठपैकी सहा क्लासना तरी पोचत असाल, तर तिमाही. वर्षाचं घेण्याआधी लेखी विचारून घ्या: आजारपणात पॅकेज थांबवता येतं का, एका वर्गाचे तास दुसऱ्याला वापरता येतात का, आणि इन्स्ट्रक्टर बदलले तर काय. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि क्लास बऱ्याचदा त्याच कारणाने सुटतो.

मुलीला दोन्हींचा एकेक ट्रायल द्या आणि कुठून नाचत बाहेर येते ते बघा. ९ व्या वर्षी दोन्ही योग्य आहेत. आठवड्याला दोन वर्ग, प्रत्येकी ४५ मिनिटं ते तासाभराचे, पुरे. बॅच वयाप्रमाणे असावी. १५-१६ वर्षांच्या मुलांबरोबर ठेवत असतील तर नको. बॅलेत लवकरच पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट) देऊ असं कुणी सांगितलं तर सावध व्हा: पावलांची हाडं आणि घोटे तयार व्हायला वेळ लागतो, साधारण ११-१२ वर्षांच्या आधी आणि काही वर्षांच्या नियमित तालमीशिवाय ते देत नाहीत. हिप-हॉपच्या बॅचमध्ये डोक्यावर फिरणं, हातांवर उभं राहणं आहे का ते विचारा. असेल तर मॅट आणि मनगटाची आधीची तयारी हवी. वर्ग सुरू असताना एकदा बाहेरून बघा. स्प्लिटमध्ये बसलेल्या मुलांना शिक्षक खांद्यावर दाबून खाली ढकलत असतील, तर वाढत्या हाडांवर आणि स्नायूंच्या टोकांवर तो ताण पडतो. मुलीला त्या बॅचमधून काढा, मग तिथला नाच कितीही सुंदर दिसो.